सुरीचं दावं

माझ्या टेबलाच्या खणात एक सुरी आहे. लाकडी मुठीची, चार बोटं पात्याची. मुठीच्या टोकाला भोक पाडून त्यातून हिरवी दोरी ओवली आहे. मुठीलगत निळ्या फितीचा एक छोटा गोंडा आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला मनगटात घालायचा फास. पार्सलचं खोकं उघडायला मी ती बाहेर काढली की ऑफिसातलं कोणीतरी हमखास हसतं. "मॅडम, चाकूला पट्टा कशाला? पळून जातो का?" मीही हसते आणि फास मनगटात सरकवते. तो घातल्याशिवाय माझ्याच्यानं खोकं उघडवत नाही.

चाकू पळून जातो, हे मला माहीत आहे. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून तो गेला होता. त्या दिवशी मला धर्मा नाखवा खऱ्या अर्थानं भेटले.

नाखवा म्हणजे होडीचा मालक आणि चालवणारा. धर्मा नाखवांची होडी मात्र मी त्यांना ओळखू लागले त्याच्या कितीतरी आधी विकली गेली होती. मूळचे ते करंजाचे. आता पनवेलला मुलाच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहत आणि न्हावा शेवा बंदराच्या वाटेवर, गव्हाणच्या पुढे असलेल्या एका कंटेनर गोदामात हत्यारांची खोली सांभाळत. होडी गेली तरी नाव गेलं नाही. मॅनेजर साहेबांपासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळे त्यांना नाखवाच म्हणत.

मी तेव्हा नुकतीच बी.कॉम. झाले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं माझ्याआधी कोणी नव्हतं. वडील मिठागरावर कामाला, आई अंगठा उठवणारी. गोदामात कागदपत्रांचं काम मिळालं आणि मी पनवेलला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली. सकाळी पनवेल स्टँडच्या बाहेरून कंपनीची बस सुटायची. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर मांडीवर कापडी पिशवी घेऊन एक सडपातळ, काळेसावळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसलेले असायचे. पहिल्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसले.

"कुनाची गो तू, बाय?" त्यांनी विचारलं.

मी शाळेत शिकलेल्या मराठीत सांगितलं, "मी कागदपत्र विभागात नवीन आहे."

"काम नाय इचारलं मी. कुनाची, त्या इचारलं."

मग मी वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, मिठागर सांगितलं. त्यांनी पिशवीतून मूठभर भाजलेले शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले. "मंग आपलीच हायेस. येवडा सुद्द बोलून दमशील."

गोदामात येणाऱ्या मालाला पट्ट्या असतात, सुतळ्या असतात, प्लास्टिकची वेष्टनं असतात. ती कापायला माणसांना सुऱ्या लागतात. बाकीचे कटर म्हणत, चाकू म्हणत. नाखवा सुरी म्हणत. त्यांच्या खोलीत भिंतीवर प्लायवूडची एक मोठी फळी होती. तिच्यावर खिळ्यांच्या चार रांगा. प्रत्येक खिळ्यावर एक सुरी, दोरीनं टांगलेली. त्या दोरीला ते दावं म्हणत, गुराला बांधतात तसं. सकाळी कामावर येणाऱ्याला "राम राम" म्हटलं तरी त्यांचं उत्तर एकच असे, "दावा घातलास का?"

मला ते दावं पहिल्या आठवड्यात नकोसं झालं होतं. कागद लिहिताना मनगटात दोरी, पेन धरताना दोरी. एका दुपारी सुती कपड्यांचा माल भरायचा होता. एक खोकं उघडून आतला नग तपासायचा आणि परत बंद करायचं, एवढंच माझं काम. मी सुरीचं दावं सोडून खिशात घातलं, सुरीनं पट्टी कापली, नग तपासला, आकडे लिहिले, खोकं बंद करून घेतलं. काम झालं म्हणून खूश होऊन ऑफिसात जाऊन बसले.

संध्याकाळी कंटेनर भरून तयार होता. ट्रक लागलेला, ड्रायव्हर वर चढलेला, सील लावायला माणूस उभा. आणि नाखवा कंटेनरच्या दारासमोर जाऊन उभे राहिले.

"एक खिला रिकामा हाय," ते म्हणाले.

मॅनेजर साहेब घाईत होते. "नाखवा, एका कटरसाठी गाडी थांबवायची? नवीन घ्या दहा."

"नवीन घेऊ. पन ती आत हाय. तिकडं परदेसात कोन तरी बाई खोका उगडील. कपडं काडायला हात घालील. तिचा हात जाईल, सायेब."

साहेब घड्याळ बघत राहिले. नाखवा हलले नाहीत. शेवटी अर्धा कंटेनर खाली उतरवला. सात माणसं, पाऊण तास. मी एका कडेला उभी होते आणि माझ्या खिशात ती दोरी होती. मला वाटलं, नोकरी गेली. वडिलांना काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवू लागले. सुरी माझ्याच खोक्यात निघाली, एका फ्रॉकच्या घडीत, पातं वर करून.

नाखवांनी ती उचलली, माझ्याजवळ आले आणि हात पुढे केला. मी खिशातून दावं काढून दिलं. ते एवढंच म्हणाले, "टोचत व्हता का?"

मी मान डोलावली.

"मंग सांगायचा ना गो. मऊ करून दिला असता."

त्या सात माणसांसमोर नाखवांनी माझं नाव घेतलं नाही, कोणालाही घेऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी नाखवांनी मला खोलीत बोलावलं. म्हणाले, "घरातला काय तरी आन. आपला. गोंड्याला."

तेव्हा मी फळीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. प्रत्येक सुरीच्या मुठीलगत एक गोंडा होता आणि एकासारखा दुसरा नव्हता. सदानंद घरतच्या गोंड्यात त्याच्या मुलीच्या पहिल्या झबल्याची गुलाबी चिंधी होती. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या रफिकभाईंच्या गोंड्यात त्यांच्या अब्बांच्या तसबीहचा, म्हणजे जपमाळेचा, एक मणी. कोणाच्या जुन्या स्कूटरच्या किल्लीचं कडं, कोणाच्या आईच्या पातळाचा काठ. गोंड्याचा उपयोग नाखवा रोखठोक सांगत. हातमोजा घातला असला तरी खिशातली सुरी गोंड्याला धरून ओढता येते. कंटेनरच्या अंधारात खाली पडली तर गोंडा दिसतो. आणि दुसऱ्याची सुरी कोणी चुकून उचलत नाही. "पन चिंधी घरचीच का?" मी विचारलं. तर ते म्हणाले, "कंपनीची वस्तू मानूस कुटं पन टाकतो. पोरीच्या झबल्याला टाकील का?"

मी घरी खूप शोधलं. आमच्या घरात जपून ठेवावं असं फारसं काही नव्हतं. शेवटी मी कॉलेजच्या ओळखपत्राची निळी फीत नेली. तीन वर्षं ती माझ्या गळ्यात होती. नाखवांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि हसले.

"या बी दावाच की गो. तुला कालेजात बांधून ठेवला व्हता." मग फितीच्या मागच्या बाजूला प्लास्टिकची एक छोटी क्लिप होती, ती त्यांनी ओढली. ती टक्कन सुटली. पुन्हा लावली, पुन्हा ओढली. त्यांचा चेहरा गंभीर झाला. "बनवनारा शाना हाय. हिसका बसला तं सुटतंय. गला आवलत नाय."

मग त्यांनी मला आपलं दावं उलगडून दाखवलं. दोरी चांगली पिळाची, नायलॉनची, सहज न तुटणारी. पण मनगटाचा फास त्या दोरीला थेट जोडलेला नव्हता. मध्ये बोटाच्या पेराएवढी जागा होती आणि तिथं फक्त पांढऱ्या सुती दोऱ्याचे चार वेढे होते. कच्चा दोरा, शिवणाचा असतो तसा.

"दाव्यानं सुरीला धरायचा," ते म्हणाले. "मानसाला नाय. दावा कुटं अडकला, यंत्रानं वडला, तं दोरा तुटला पायजे. सुरी जाऊ दे, हात ऱ्हाऊ दे."

प्रत्येक नवं दावं झालं की ते त्याची परीक्षा घेत. सुरी स्वतः धरत, फास त्या माणसाच्या हातात देत आणि म्हणत, "वड." दोघं ओढत. दोरा तटकन तुटला की नाखवांच्या तोंडावर समाधान दिसे. "तुटला." मग त्याच रिळाचा दुसरा दोरा बांधून दावं त्या माणसाला देत. तुटलेल्या दोऱ्याची टोकं डोळ्याजवळ नेऊन बघायची त्यांची सवय होती. त्यात ते काय बघत, कोणास ठाऊक.

हे वेड गोदामापुरतं नव्हतं. एकदा त्यांच्या सुनेनं, वनितावहिनींनी, मला जेवायला बोलावलं. पनवेलचा छान टापटीप फ्लॅट. पण टीव्हीचा रिमोट सोफ्याच्या पायाला बांधलेला. दुधाची पिशवी कापायची कात्री ओट्याच्या नळाला. नाखवांचा चष्मा त्यांच्या गळ्यात. किल्ल्या दाराच्या कडीला. सगळ्या दोऱ्यांत मध्ये पांढरे वेढे.

"बघा ना," वहिनी ताटात बोंबलाचं कालवण वाढत म्हणाल्या, "आमच्या घरात एक वस्तू हरवत नाही. पाहुणे आले की तेवढी पंचाईत होते. परवा माझे मामा रिमोट घेऊन आत चालले होते, सोफ्यासकट अडकले."

"तुटला ना पन दोरा?" नाखवा जेवता जेवता म्हणाले.

"तुटला हो बाबा. मामा पण पडले."

"मामा पडनारच. जाडं हायत." आणि ते मनापासून हसले. घरी असताना ते गॅलरीत बसून दोऱ्या वळत. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. त्या भिंतीकडे बघत ते हात चालवत, हाताकडे बघत नसत. मला तेव्हा ते कौशल्य वाटलं. त्यांना धड दिसतच नाही, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही.

मला नोकरीला लागून दीड वर्ष झालं असेल. सकाळची वेळ. तांदळाची पोती पट्ट्यावरून सरकत कंटेनरमध्ये जात होती. रुळांवर फिरणारा रबरी पट्टा, एका टोकाला सदानंद. पोत्याची सुतळी कापायला तो वाकला, सुरी हातातून सुटली आणि दाव्याची दोरी पट्टा आणि रूळ यांच्यामध्ये गेली. असं पूर्वीही झालेलं होतं. दोरा तुटतो, सुरी जाते, पट्टा थांबवून ती काढायची आणि नाखवांची बोलणी खायची. त्या दिवशी दोरा तुटला नाही.

मी सदानंदची किंकाळी ऑफिसात ऐकली. धावत गेले तोवर रफिकभाईंनी बटण दाबून पट्टा थांबवला होता. सदानंदचा हात मनगटापर्यंत रुळाला टेकलेला. त्याला मोकळं करून पनवेलला दवाखान्यात नेलं. हात वाचला. मनगटाची कातडी सोलली होती आणि करंगळी मोडली होती.

सगळे गेल्यावर नाखवा तिथंच खाली बसले. त्यांनी तो कापून काढलेला फास उचलला, दोऱ्याचं टोक ओढून काढलं आणि मला म्हणाले, "बाय, काडी पेटव."

मी गेटवरच्या वॉचमनकडून काडेपेटी आणली. दोऱ्याला काडी लावली. सुती दोरा जळाला तर राख होते, जळलेल्या कागदासारखा वास येतो. हा दोरा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा, कडक मणी झाला. नाखवांनी तो मणी दोन बोटांत धरला. भाजत असणार. सोडला नाही.

"नायलान," ते म्हणाले. "नवा रील. बाजारातशी आनला त्या. पांडरा तं पांडराच दिसला मना. जुन्या दाव्यांचं दोरं बदलले, वडून बघितला नाय."

मग ते उठले. फळीवरच्या सगळ्या सुऱ्या काढून जमिनीवर मांडल्या आणि एकेक दोरा मला जाळायला लावला. अकरा दावी नायलॉनची निघाली. अकरावं माझं होतं.

दुपारी मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. अपघाताचा अहवाल लिहायचा होता. नाखवाही तिथं उभे होते. साहेब वाईट नव्हते. ते खालच्या आवाजात म्हणाले, "लिहा, कामगारानं चालू पट्ट्याजवळ सूचना न पाळता काम केलं. नाखवांची दोन वर्षं राहिलीत. या वयात त्यांना कुठं पाठवणार? सदानंदला मी सांभाळून घेतो."

माझं पेन कागदावर होतं. मला खरंच ते वाक्य लिहावंसं वाटलं. नाखवांनी माझ्यासाठी कंटेनर उतरवला होता आणि माझं नाव कोणालाही घेऊ दिलं नव्हतं.

"बाय," नाखवा म्हणाले, "माजा नाव लिव."

"नाखवा, ऐका माझं," साहेब म्हणाले.

"सायेब, सदाची काय चूक नाय. त्याच्या नावावं लिवलात तं उंद्या दुसरा कोन त्याला पट्ट्यावं घेनार नाय. माजं डोलं गेलं हायत. वरीस झाला. सांगितला आसता तं तुमी फली काडून घेतली आसती, म्हनून सांगितला नाय. त्या बी लिव."

मी लिहिलं. अक्षर नीट आलं नाही. पण त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी अंदाजानं कागदावर बोट ठेवलं, मी त्यांचं बोट सहीच्या रेघेवर सरकवलं आणि त्यांनी सही केली.

त्यांना कामावरून काढलं नाही, पण हत्यारांच्या खोलीची किल्ली काढून घेतली. किल्लीलाही त्यांचंच दावं होतं. त्यांना गेटजवळच्या बाकावर बसवलं, येणाऱ्या गाड्यांना पाणी द्यायला. फळी कपाटात गेली. पिवळे नवे कटर आले, पातं आपोआप आत जाणारे. ते चांगलेच होते. फक्त दर आठवड्याला दोनचार हरवत.

बसमध्ये आता ते शेंगदाणे द्यायचे विसरत. एकदा मी धीर करून म्हटलं, "नाखवा, चूक कोणाकडूनही होते."

त्यांनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली. मग म्हणाले, "माजे बायकोचा भाऊस व्हता. किसन. माजे होडीवं व्हता. मी तवा बावीस वर्साचा. मी त्याला दावा वलून दिला, सुरीचा. येवडा घट का मी सगल्यांना सांगायचो, या दाव्यानं होडी बांदा. जाल्याची दोरी पान्यात चालली, त्यात त्याचा दावा अडकला, तो बी पान्यात गेला. मी दोरी धरली. आजून दोघांनी धरली." त्यांनी आपले तळवे बघितले. "दावा तुटला नाय."

बस गव्हाणला थांबली, माणसं चढली. मला एकदम आठवलं, वनितावहिनींनी सांगितलं होतं की सासूबाई असेपर्यंत घरात कधी दोरी वळलेली पाहिली नाही. त्या गेल्यावरच बाबांनी घरी दोरी हातात घेतली.

सदानंद दोन महिन्यांनी कामावर आला. करंगळी वाकडीच राहिली होती. मी बाकाच्या वरच्या खिडकीतून पाहत होते. तो गेटमधून आला, आतून नवा कटर घेतला आणि पट्ट्याकडे जाण्याऐवजी सरळ बाकापाशी गेला. तो पिवळा कटर खिशातून काढला. त्याच्या मागच्या टोकाला भोक असतं. त्यानं तो आणि ती झबल्याची गुलाबी चिंधी नाखवांच्या मांडीवर ठेवली.

"बांदा."

नाखवांनी हात मागे घेतले. "येडा झालास का रं? दिसत नाय मना."

"तुमाला दिसला नाय तं चालंल. बाय जालून बघंल दोरा. बीकाम झालेय, येवडा तं येतंय तिला." मग तो म्हणाला, "नाखवा, पोरीची चिंधी घरी ठेवून मी पट्ट्यावं उबा नाय ऱ्हानार. बांदा."

मी खाली गेले तेव्हा नाखवा चिंधी बोटांनी चाचपत होते. माझी चाहूल लागताच म्हणाले, "काडेपेटी हाय का गो?"

तेव्हापासून दुपारच्या जेवणानंतर गेटजवळच्या बाकावर आमची शाळा भरायची. एकेक जण आपला गोंडा घेऊन यायचा. मी दोऱ्याचं टोक जाळायची, राख नाखवांच्या तळहातावर टेकवायची, ते ती बोटानं चोळून बघायचे आणि मग वेढे घालायचे. मॅनेजर साहेब दोनतीनदा तिथून गेले. चौथ्यांदा स्वतःचा कटर घेऊन आले. गोंड्याला त्यांनी मुलाच्या शाळेचा टाय आणला होता. मी दोरे जाळते, हे घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "त्यासाटी शिकवली का गो तुला?" वडील मात्र म्हणाले, "जालू दे. बराबर जालते ना?"

त्याच हिवाळ्यात रफिकभाई आणि सदानंद नाखवांना मध्ये घालून पनवेलच्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. ते तयार नव्हते. रफिकभाई म्हणाले, "नाखवा, तुम्हारे लिए नहीं, हमारे हाथों के लिए." मग त्यांनी चपला घातल्या. एका डोळ्याचा मोतीबिंदू निघाला. पट्टी सुटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू आजून येवडीशीच हायेस व्हय? आवाज मोटा हाय." दिसू लागल्यावरही दोरा जाळायचं काम त्यांनी माझ्याकडेच ठेवलं. "माजा डोला पयले पन शाना व्हता," ते म्हणाले.

निवृत्त झाल्यावर ते पनवेलच्या त्या गॅलरीतच बसत. मी येता-जाता डोकवायची. पुढे मला पुण्याला चांगली नोकरी लागली. त्यांना सांगायला गेले तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, कंपनी विचारली नाही. विचारलं, "तितं पार्सलं येतात?"

"येतात."

"बरा."

निघायच्या सकाळी पनवेल स्टँडवर पुण्याच्या गाडीत मी खिडकीपाशी बसले होते. आईवडील गावाहून आले होते, त्यांचं बोलून झालं होतं. गाडी सुटायला पाच मिनिटं असतील. तेवढ्यात खिडकीखाली नाखवा दिसले. धाप लागलेली, काखेत कापडी पिशवी. त्यांनी पिशवीतून ही सुरी काढली. मूठ त्यांच्या होडीच्या फळीची होती. विकताना एक तुकडा त्यांनी ठेवून घेतला होता, हे मला तेव्हा कळलं. मुठीलगत माझ्या कॉलेजच्या फितीचा गोंडा होता. गोदामातून त्यांनी सोडवून आणला असणार.

"सुरी कंपनीची व्हती, गोंडा तुजा," ते म्हणाले. "आत्ता झाला पुरा. बघायचा ऱ्हायलाय."

त्यांनी फास खिडकीच्या गजातून वर दिला. सुरी कागदात गुंडाळून मूठ स्वतः दोन्ही हातांनी धरली.

"वड."

मी फास धरला, पण माझ्याच्यानं ओढवेना. खाली त्यांचा वर केलेला चेहरा, एक डोळा पांढुरका, एक स्वच्छ. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. खिडकीची काच थरथरू लागली. मी दोरी नुसती धरून बसले.

"वड ना गो," ते म्हणाले. "गाडी वडील तवा मी काय धावू का मागं?"

मग मी ओढलं. त्यांनीही ओढलं. तटकन आवाज झाला. फास माझ्या हातात राहिला, सुरी त्यांच्या.

"तुटला," ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर तेच समाधान होतं. त्यांनी सुरी वर दिली, तिच्यामागून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ दिलं. "दुसरा तू बांद. पयला जालून बघ. जा आता."

गाडी हलली. मी मान वळवून मागे पाहत राहिले. आई हात हलवत होती, वडील हलवत होते. नाखवा त्यांच्याशेजारीच उभे होते, पण हात हलवत नव्हते. तुटलेल्या दोऱ्याचा तुकडा त्यांच्या बोटांत राहिला होता. तो त्यांनी चांगल्या डोळ्याजवळ नेला होता आणि उन्हाकडे तोंड करून ते त्याचं टोक बघत होते.